हात बसलाय, मग इन्स्ट्रक्टर कसा निवडायचा?

या वेळच्या पत्रांपैकी बरीचशी एकाच गोष्टीबद्दल आहेत. भारतात वर्षानुवर्षं गाडी चालवली, आता ब्रिटनमध्ये परीक्षा द्यायची आहे, तर शिकवणारा कसा निवडायचा? मी इथे गाडी शिकवते आणि माझ्या शेजारच्या सीटवर असे जुने चालक नेहमी असतात, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. त्यातली काही पत्रं इथे घेतली आहेत.

प्रश्न: ताई, मी रेडिंगला राहतो. पुण्यात आणि मुंबईत मिळून बारा वर्षं गाडी चालवली. खंबाटकी घाट, एक्स्प्रेसवे, पावसाळ्यातलं कोकण, सगळं झालं. इथे येऊन वर्ष होत आलं, म्हणजे आता भारतीय लायसन्सवर चालवता येणार नाही. तीन इन्स्ट्रक्टरना फोन केले. पहिला म्हणाला, किमान तीस तास लागतील. दुसरा म्हणाला, दोन लेसन घ्या, बास. तिसरा सगळ्यांत स्वस्त आहे, पण त्याच्या काचेवर गुलाबी बॅज आहे असं मित्र सांगतो. कोणाचं खरं मानू? आणि मनातलं सांगायचं तर, कोणी मला पहिल्यापासून क्लच-ब्रेक शिकवायला लागला तर मला ते सहन होणार नाही.

उत्तर: राग येणं साहजिक आहे. भारताचं लायसन्स देऊन इथलं बदलून घेता येत नाही. ज्या देशांशी ब्रिटनची तशी व्यवस्था आहे, त्यांच्या यादीत भारत नाही. इथे राहायला आल्याला बारा महिने झाले की कायद्याच्या लेखी तुम्ही आणि सतरा वर्षांचा नवशिका एकाच रांगेत उभे. दोघांनाही प्रोव्हिजनल म्हणजे शिकाऊ लायसन्स, मग थिअरी म्हणजे नियमांची परीक्षा, मग रस्त्यावरची परीक्षा. पण कायद्याने एका रांगेत उभं केलं, म्हणून शिकवणाऱ्यानेही तुम्हाला एकाच मापाने मोजावं असं मुळीच नाही. तुम्ही शोधताय तो माणूस हा फरक ओळखणारा हवा.

तुमच्या पहिल्या दोघांनी तुम्हाला न बघताच आकडा सांगितला, तिथेच दोघांबद्दल मला शंका आली. तीस तास कुठून येतात? परीक्षा घेणारी सरकारी यंत्रणा डीव्हीएसए सांगते की, पास होणाऱ्यांना सरासरी ४५ तासांचं शिक्षण आणि त्याखेरीज २२ तासांचा सराव लागतो. हा हिशोब मुख्यतः ज्यांनी कधी स्टिअरिंगला हात लावलेला नाही अशांचा आहे. पहिल्याने त्यातून थोडे तास कमी करून तुम्हाला सांगितले असावेत. दुसरा, दोन लेसनवाला, बहुधा तुम्हाला परीक्षा केंद्राभोवतालचे रस्ते दाखवणार आणि देवावर हवाला ठेवणार. भरवशाचा माणूस फोनवर असं म्हणतो: 'आधी दोन तास एकत्र गाडी चालवू. मग तुम्हाला किती लागतील ते सांगतो.'

त्या पहिल्या बैठकीत तो काय करतो ते नीट बघा, कारण तुमची निवड तिथेच होते. अनुभवी माणूस गाडीत बसला की चांगला इन्स्ट्रक्टर सुरुवातीची वीस-पंचवीस मिनिटं जवळजवळ गप्प बसतो. डावीकडे वळा, सरळ जा, एवढंच. रस्ते मात्र विचार करून निवडतो: दोन्ही बाजूंना गाड्या लावलेली अरुंद वस्ती, एखादं छोटं राउंडअबाउट, मग लेन बदलाव्या लागतील असं मोठं, थोडी ड्युअल कॅरेजवे, म्हणजे मध्ये दुभाजक असलेला रस्ता. नंतर गाडी बाजूला घ्यायला सांगून विचारतो, 'मघाशी ती बस उभी होती, तिच्याजवळून जाताना तुमच्या मनात काय होतं?' हा प्रश्न आला की समजा, माणूस योग्य आहे. ज्याने पहिल्या पाच मिनिटांत 'सीट पुढे घ्या, हात दहा आणि दोनवर ठेवा, क्लच पूर्ण दाबा' असा पाढा सुरू केला, त्याला समोर कोण बसलंय हे बघायचंच नाही.

त्याने तुमच्या चुकांची प्रतवारीही करून दिली पाहिजे. धोकादायक काय, परीक्षेत चूक धरली जाईल असं काय, आणि नुसती सवय म्हणून सोडून द्यावं असं काय. उदाहरणार्थ, वळताना स्टिअरिंगवर हात एकमेकांवरून गेले तर परीक्षक त्याची चूक धरत नाहीत, गाडी ताब्यात असली म्हणजे झालं. तरी कित्येक इन्स्ट्रक्टर जुन्या चालकांचे चार-चार तास हाताच्या पकडीवर घालवतात. ते पैसे पाण्यात गेले.

मग खरी अडचण कुठे असते? आपल्याकडून आलेल्या बहुतेकांची डोळ्यांत असते, हातात नसते. याचं कारण फार कमी इन्स्ट्रक्टर समजून घेतात. भारतात मागच्या गाडीची खबर कानांना मिळते. ओव्हरटेक करणारा हॉर्न देतो, दुचाकीवाला हॉर्न देतो, ट्रकच्या मागे तर हॉर्न द्या असं रंगवलेलंच असतं. त्यामुळे समोर बघायचं आणि मागचं कानांवर सोपवायचं, ही पद्धत तिथे शहाणपणाची असते. इथे मागचा माणूस गप्प असतो. सायकलवाला तुमच्या डाव्या आरशात येऊन थांबतो आणि आवाजसुद्धा करत नाही. म्हणून आरसा हीच एकमेव खबर. इंडिकेटर देण्याआधी, दिशा बदलण्याआधी, वेग वाढवण्या-कमी करण्याआधीसुद्धा, आतला आरसा आणि ज्या बाजूला जायचं त्या बाजूचा.

ज्या इन्स्ट्रक्टरला हे कारण कळलंय तो तुम्हाला आरशात बघायला शिकवेल. ज्याला कळलेलं नाही तो मान हलवायला शिकवेल. माझ्याकडे नाशिकचे एक गृहस्थ आले होते. आधीच्या शिकवणाऱ्याने त्यांना सांगितलं होतं की मान जरा जास्त वळवा, परीक्षकाला दिसलं पाहिजे. त्यांची मान सुरेख वळायची. गाडी सुरू असताना मी विचारलं, मागे कोणत्या रंगाची गाडी आहे? सांगता आलं नाही. मग आम्ही मराठीतच सुरू केलं: बघितलं की मोठ्याने बोलायचं. 'मागे पांढरी व्हॅन, जवळ आहे. डावीकडे कोणी नाही. समोर दोन मुलं फुटपाथच्या कडेला.' सुरुवातीला त्यांना अवघड वाटलं, हळूहळू तोंडाआधी डोळे पळायला लागले. तुमचा इन्स्ट्रक्टर असं बोलत चालवायला लावत असेल, तर त्याला सोडू नका.

दुसरी गोष्ट जागेची. आपल्याकडे चौकात नाक पुढे काढलं की समोरचा सावरून घेतो. कोणी आधी जायचं ते त्या क्षणी, नजरेने ठरतं, आणि आपण त्यात पटाईत असतो. इथे ते आधीच रस्त्यावर रंगवून ठेवलेलं असतं. तुमच्यामुळे दुसऱ्याला ब्रेक मारावा लागला किंवा स्टिअरिंग वळवावं लागलं, की ती गंभीर चूक, आणि एक गंभीर चूक म्हणजे नापास. किरकोळ चुका पंधरापर्यंत चालतात, गंभीर एकही नाही. पण याची उलट बाजूही आहे. दोन-चारदा दटावलं गेलं की अनुभवी माणूस इतका थबकतो की जाण्याची पाळी त्याची असूनही जात नाही. त्यालाही चूक धरतात. नुसतं 'थांबा, थांबा' करणारा इन्स्ट्रक्टर तुम्हाला एका खड्ड्यातून काढून दुसऱ्यात टाकतो. तो तुम्हाला 'आता का गेला नाहीत?' असंही विचारणारा हवा.

आणखी काही सवयी तो पहिल्याच दिवशी पकडेल: उतारावर न्यूट्रल करणं, सिग्नलला हाफ क्लचवर गाडी धरून ठेवणं, उभ्या गाड्यांना खेटून जाणं. डिपरबद्दल मात्र वेगळं सांगते, कारण त्यात जीव जाऊ शकतो. आपल्याकडे समोरच्याने डिपर दिला की अर्थ, 'मी येतोय, तू थांब'. इथे बरेच लोक तोच डिपर 'तुम्ही या' म्हणून देतात. हायवे कोड, म्हणजे इथलं रस्त्याच्या नियमांचं सरकारी पुस्तक, म्हणतं दोन्ही चूक. दिवा फक्त 'मी इथे आहे' एवढंच सांगायला. दुसऱ्याच्या डिपरवर कधीही गाडी पुढे काढू नका. ज्या इन्स्ट्रक्टरने परदेशातल्या चालकांना शिकवलंय तो हे न विचारता सांगतो.

आता बॅज. पैसे घेऊन गाडी शिकवायची तर इथे सरकारी नोंदणी लागते, त्याशिवाय शिकवणं गुन्हा आहे. पूर्ण पात्र इन्स्ट्रक्टर, म्हणजे एडीआय, काचेवर हिरवा अष्टकोनी बॅज लावतो. गुलाबी त्रिकोणी बॅज म्हणजे प्रशिक्षणार्थी. त्याने पहिल्या दोन परीक्षा पास केलेल्या असतात, शिकवण्याची तिसरी बाकी असते आणि त्याचा परवाना सहा महिन्यांचा असतो. गुलाबी बॅज बेकायदेशीर नाही आणि त्यांच्यात काही फार मेहनती माणसं असतात. पण तुमच्यासाठी मी हिरवाच सांगेन. नवशिक्याला शिकवण्याचा क्रम ठरलेला असतो, तो प्रशिक्षणार्थीही नीट पाळतो. अनुभवी चालकाचं बसलेलं वळण कुठे मोडायचं आणि कुठे हात लावायचा नाही, हे ठरवायला मुरलेली नजर लागते. बॅजवर फोटो आणि मुदत असते. दोन्ही बघा, संकोच करू नका.

एडीआयला किमान चार वर्षांतून एकदा सरकारी तपासणी द्यावी लागते. ५१ पैकी ४३ किंवा जास्त गुण पडले तर ए श्रेणी, ३१ ते ४२ ला बी. श्रेणी विचारा. चांगला माणूस आनंदाने सांगतो. बी श्रेणीवाला वाईट असतो असं नाही, मात्र प्रश्नच टाळणारा मला आवडत नाही.

फोनवर एक प्रश्न जरूर टाका: 'परदेशात गाडी चालवलेले लोक तुमच्याकडे येतात का, आणि त्यांच्यात तुम्ही आधी काय बदलता?' जो म्हणेल, 'तुम्हा लोकांना फार वाईट सवयी असतात,' त्याचे आभार माना आणि फोन ठेवा. सवयी बदलायच्याच आहेत, पण ज्याला तुमच्या बारा वर्षांबद्दल आदर नाही त्याच्या शेजारी तुम्ही मोकळेपणाने गाडी चालवणार नाही, आणि खांदे आखडून कोणी शिकत नाही.

दर बहुतेक भागांत तासाला ३५ ते ४५ पौंडांच्या आसपास आहेत. पहिल्या बैठकीआधी दहा-वीस तासांचे पैसे एकदम भरू नका, कितीही सूट दिली तरी. लेसन रद्द करायचा तर किती तास आधी कळवायचं ते आधीच विचारून घ्या. आणि एक तासाऐवजी दोन तासांचा लेसन घ्या. जुना चालक पहिली वीस मिनिटं जरा दाखवण्यासाठी चालवतो. सवयी त्यानंतर बाहेर येतात.

प्रश्न: मी मिल्टन कीन्सला असते. भारतात आठ वर्षं चालवत होते. माझ्या मिस्टरांना इथलं लायसन्स मिळून दीड वर्ष झालं. ते म्हणतात, इन्स्ट्रक्टरवर पैसे कशाला, मीच शेजारी बसतो. चालेल का?

उत्तर: चालणार नाही, आणि हे त्यांना आजच सांगा. प्रोव्हिजनलवर चालवताना शेजारी बसणाऱ्याचं वय २१ च्या वर हवं, तुम्ही चालवता त्या प्रकारच्या गाडीचं लायसन्स त्याच्याकडे हवं आणि ते पूर्ण लायसन्स तीन वर्षांचं झालेलं हवं. हे तीन वर्षांचं लायसन्स ब्रिटन, युरोपियन युनियन, स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड किंवा लिक्टनस्टाइन यांपैकी कुठलंतरी लागतं. भारतातली वर्षं यात मोजत नाहीत, भले ती वीस असोत. नियम मोडला तर हजार पौंडांपर्यंत दंड आणि सहापर्यंत पॉइंट, म्हणजे लायसन्सवर नोंदले जाणारे शिक्षेचे गुण, तुमच्या प्रोव्हिजनलवर लागू शकतात. शिवाय विम्याची कंपनी हात वर करेल ते वेगळंच.

ओळखीत नियमात बसणारं कोणी असेल आणि गाडीच्या विम्यावर तुमचं नाव शिकाऊ म्हणून घातलेलं असेल, तर सराव जरूर करा. एल प्लेट मात्र लावा. पण वहिनी, सराव आणि शिकणं वेगळं. मिल्टन कीन्समध्ये तुमच्याभोवती राउंडअबाउटच राउंडअबाउट आहेत आणि त्यांना जोडणारे रस्ते वेगाचे आहेत. तिथे कोणत्या लेनमधून शिरायचं, सिग्नल कधी द्यायचा आणि कधी काढायचा, हे घरातल्या माणसाला स्वतःला येत असतं, समजावून सांगता येत नाही. शिवाय इन्स्ट्रक्टरच्या गाडीत त्याच्या पायाखाली ब्रेक असतो. मिस्टरांच्या पायाखाली नसतो, म्हणून ते ओरडतात. आठवड्याला एक दोन-तासी लेसन इन्स्ट्रक्टरकडे आणि मधल्या दिवसांत सराव, असं जमलं तर उत्तम. सरावात काय करायचं हे इन्स्ट्रक्टरकडून लिहून घ्या, म्हणजे घरी त्यावर वाद होणार नाही.

प्रश्न: शिकवणारा मराठी किंवा हिंदी बोलणारा असावा का? माझं इंग्रजी ऑफिसपुरतं ठीक आहे. — लेस्टर

उत्तर: ऑफिसपुरतं ठीक असेल तर परीक्षेला पुरेसं आहे. परीक्षकाची वाक्यं ठरावीक असतात. २०१४ पासून परीक्षेत दुभाषा चालत नाही, म्हणून सूचना इंग्रजीतून ऐकण्याची सवय हवीच. चाळीस मिनिटांपैकी बराच वेळ तुम्हाला सॅटनॅव्ह (रस्ता सांगणारं यंत्र) किंवा पाट्या बघून स्वतः चालवायचं असतं, तिथे तर कोणी बोलतही नाही.

तरीसुद्धा भाषा माझ्या मते बिनमहत्त्वाची नाही. 'का' हा प्रश्न माणूस आपल्या भाषेत मोकळा विचारतो. इंग्रजीत आपण मान डोलावतो आणि पुढे जातो. म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांशी गाडी चालू असताना सूचना इंग्रजीत देते आणि गाडी थांबवली की मराठीत बोलते. असा कोणी मिळाला तर घ्या. नाही मिळाला तर भाषेसाठी नजर असलेला माणूस सोडू नका. आणि आपल्या भाषेचा आहे म्हणून बॅज न बघता पैसे देऊ नका. ओळखीतून 'आमचे भाऊ शिकवतात' असं सांगून बिनबॅजचे लोक शिकवताना दिसतात, त्यांच्यापासून दूर राहा.

प्रश्न: ऑटोमॅटिकचा इन्स्ट्रक्टर घेऊ की मॅन्युअलचा? सगळे म्हणतात ऑटोमॅटिक सोपं.

उत्तर: भारतात आयुष्यभर मॅन्युअल चालवलं असेल तर मॅन्युअलच. तिथेही स्टिअरिंग उजवीकडे आणि गिअर डाव्या हाताला, इथेही तेच. तुमच्या हाताला नवीन काही नाही. ऑटोमॅटिकवर पास झालात तर लायसन्सवर फक्त ऑटोमॅटिक मिळतं, मग भाड्याने घेतलेली किंवा ऑफिसची मॅन्युअल गाडी चालवता येणार नाही. मात्र गेली बरीच वर्षं तुम्ही ऑटोमॅटिकच चालवत असाल, किंवा क्लचमुळे गुडघा दुखत असेल, तर हट्ट नको. क्लचवरचं लक्ष रस्त्यावर जाईल ते बरंच.

प्रश्न: मी स्लावला राहतो. दोनदा नापास झालो. दोन्ही वेळा जंक्शनला आणि आरशांवर चूक धरली. इन्स्ट्रक्टर म्हणतो, तुमचं नशीब वाईट, परीक्षक कडक होता. तो माणूस चांगला आहे, वेळेवर येतो, पण लेसनमध्ये जास्त बोलत नाही. तिसऱ्या परीक्षेआधी बदलू का? बदलणं म्हणजे त्याचा अपमान वाटतो.

उत्तर: दादा, एकाच कारणावर दोनदा नापास होणं म्हणजे नशीब नाही. जंक्शनवर नीट न बघणं आणि दिशा बदलताना आरसे न वापरणं ही परीक्षेत नापास होण्याची नेहमीचीच कारणं आहेत, डीव्हीएसएच्या यादीत ती वर्षानुवर्षं वरच्या स्थानांवर असतात. कोणत्याही इन्स्ट्रक्टरला ती माहीत असतात. तुमची दोन्ही वेळची कारणं तीच निघाली, तर मधल्या काळात त्याने काय वेगळं केलं हा प्रश्न तुम्ही विचारलाच पाहिजे.

पण लगेच बदलू नका. आधी एक गोष्ट करून बघा. परीक्षेचा निकाल ईमेलने येतो, त्यात कोणत्या मुद्द्यावर किती चुका हे लिहिलेलं असतं. दोन्ही निकाल छापून त्याच्यासमोर ठेवा आणि म्हणा, 'पुढचे दोन लेसन फक्त यावर.' जंक्शनमध्ये नेमकं कुठे चुकतं ते त्याने तुम्हाला जागेवर दाखवलं पाहिजे. आपल्यातल्या बऱ्याच जणांचं असं होतं की, आपण मुख्य रस्त्यापाशी येईपर्यंत उजवीकडे एकदाच बघतो, डावीकडे ओझरतं बघतो आणि गाडी हलायला लागली की बघणं थांबतं. झाडाआडून येणारी मोटारसायकल त्याच क्षणात असते. गाडी हलताना पुन्हा एकदा उजवीकडे बघणं, हे शिकवता येतं आणि शिकवलंच पाहिजे. वळताना पादचाऱ्यांकडेही लक्ष हवं. २०२२ च्या जानेवारीत हायवे कोड बदलला, तेव्हापासून तुम्ही ज्या रस्त्यात वळताय तो ओलांडायला फुटपाथवर थांबलेल्या माणसालाही आधी जाऊ द्यायचं असतं. जुन्या चालकांना हे सांगितलं नाही तर ते कधीच कळत नाही, कारण त्यांनी ते पूर्वी कुठे बघितलेलं नसतं.

पुढच्या वेळी तो परीक्षेला मागच्या सीटवर बसेल का, तेही विचारा. नियमाने त्याला परवानगी आहे, तुमची हरकत नसली म्हणजे झालं. किमान शेवटी परीक्षक चुका समजावतात तेव्हा तरी जवळ उभा राहायला सांगा. निकालाच्या कागदावर 'आरसे' एवढंच असतं. त्या वेळी मागे कोण होतं आणि वेग किती होता, हे तिथे ऐकलं तरच समजतं. जो इन्स्ट्रक्टर हे ऐकायला येत नाही, त्याला पुढच्या लेसनमध्ये काय करायचं तेही कळणार नाही.

या दोन लेसननंतरही तो 'नशीब' म्हणाला, तर बदला. अपमान वगैरे काही नाही. आमच्या व्यवसायात विद्यार्थी इकडून तिकडे जातात हे रोजचं आहे, आणि चांगला इन्स्ट्रक्टर स्वतःच सांगतो की दुसऱ्या कोणाकडून एकदा तपासून घ्या. त्याला सरळ कळवा: 'इतके दिवस वेळेवर येऊन शिकवलंत, आभारी आहे. एकदा दुसऱ्याची नजर घालून बघतो.' नवीन माणसाकडून आधी मॉक टेस्ट घ्या, पूर्ण चाळीस मिनिटांची, मध्ये एक शब्द न बोलता. जुने निकाल त्याला त्या टेस्टनंतर दाखवा, आधी नको. त्याने स्वतःहून तीच दोन कारणं सांगितली तर तुम्हाला योग्य माणूस मिळाला असं समजा.

तारखेची घाई करू नका. नापास झाल्यावर पुढची परीक्षा किमान दहा कामाच्या दिवसांनंतरच देता येते, आणि प्रत्यक्षात तारखा कित्येक आठवडे, काही ठिकाणी महिने लांबच्या मिळतात. तारीख सरकारी संकेतस्थळावर स्वतः घ्या. आठवड्याच्या दिवशी ६२ पौंड, संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारी ७५. लवकरची तारीख देतो म्हणून कोणी याच्या दुप्पट-तिप्पट मागितले, तर देऊ नका. तारीख मिळाली आणि नव्या इन्स्ट्रक्टरला वाटलं की तुम्ही अजून तयार नाही, तर त्याचं ऐका. फी न बुडता तारीख पुढे ढकलायची तर दहा कामाचे दिवस आधी करावं लागतं, म्हणून ती चर्चा तीन आठवडे आधीच करून टाका.

शेवटचं, तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. पास झालात की पहिली दोन वर्षं तुम्ही कायद्याने नवे चालक, भारतातली वर्षं इथे धरत नाहीत. या काळात सहा पॉइंट झाले की लायसन्स रद्द होतं आणि थिअरीपासून पुन्हा सुरू करावं लागतं. चालवताना हातात फोन धरल्याचे एकदम सहा लागतात, वर दोनशे पौंड दंड. नव्या इन्स्ट्रक्टरने हे तुम्हाला पास होण्याआधीच सांगितलं का, तेही बघा.